टोटल लॉस झालेली पिकअप: ठेवायची, दुरुस्त करायची की कंपनीच्या हवाली करायची?

संत्र्याच्या हंगामात वरूड-मोर्शीच्या रस्त्यावर, कापसाच्या दिवसांत यवतमाळ-वणीच्या बाजूला, पावसाळ्यात तर कुठल्याही नाल्यावर पिकअपचे अपघात होतच राहतात. विमा कंपनीचा सर्वेअर (नुकसान मोजणारा) येतो, शोरूमचं एस्टिमेट निघतं आणि चार-सहा दिवसांत निरोप येतो: "गाडी टोटल लॉसमध्ये जाते. सांगा, गाडी ठेवता का देता?" टोटल लॉस म्हणजे गाडीच्या विमा किमतीच्या मानानं दुरुस्तीचा खर्च फार झाला. या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा फोनवरच, घाईत दिलं जातं. नुकसान तिथंच होतं. लाख-दीड लाखाचा फरक याच एका उत्तरात असतो आणि सही झाल्यावर तो भरून निघत नाही.

गाडी ठेवायची म्हणजे ती फुकट मिळत नाही, हे आधी पक्कं समजून घ्या. कंपनी तुमच्या दाव्यातून भंगाराची किंमत कापून घेते. म्हणजेच तेवढ्या पैशात ती मोडकी गाडी तुम्ही विकत घेता. मग प्रश्न साधा आहे: हीच मोडकी गाडी दुसऱ्या कुणाच्या वावरात उभी असती, तर त्या भावात तुम्ही घेतली असती का? पुढचं सगळं या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत काढण्यासाठी आहे.

पहिले दोन दिवस

गाडी नाल्यात गेली असेल किंवा पलटली असेल, तर चावी फिरवू नका. पाणी सिलिंडरमध्ये असताना स्टार्टर मारला की पिस्टन वर जाताना पाण्यावर आदळतो, कारण पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी मग म्हणते की हे नुकसान पुरानं झालं नाही, नंतर इंजिन फिरवल्यानं झालं, आणि इंजिन प्रोटेक्ट कव्हर (इंजिनच्या अशा नुकसानीसाठी घेतलेली जोड) नसेल तर तेवढा दावा नाकारते. पलटलेल्या गाडीत ऑइल सिलिंडरमध्ये उतरलेलं असू शकतं. तिथंही तोच धोका आहे. बॅटरीची वायर काढा आणि गाडी टो करून न्या. गॅरेजमध्ये मिस्त्रीनं इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन आधी हातानं फिरवून पाहावं.

कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दाव्याचा क्रमांक लिहून ठेवा. शक्य असेल तर स्पॉट सर्वे (अपघाताच्या जागेवरची पाहणी) होईपर्यंत गाडी हलवू नका. रस्ता अडत असेल तर हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, त्यात मैलाचा दगड किंवा ओळखीची खूण दिसू द्या. माणूस जखमी असेल तर पोलीस पंचनामा होणार आणि गाडी ठाण्यात जाणार. अशा वेळी आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी होईपर्यंत एक बोल्टही खोलू नका. गाडी कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे बोलावल्यावर हजर करण्याच्या हमीवर सुटते.

ठाण्याच्या किंवा गॅरेजच्या आवारात गाडी ठेवताना बॅटरी, स्टेपनी, जॅक, चारही टायर, म्युझिक सिस्टिम यांची यादी करून फोटो काढा. आवारात उभ्या गाडीच्या वस्तू गायब होतात, आणि भंगाराची बोली नंतर त्या हिशेबानं खाली येते. शोरूमला गाडी लावण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या: एस्टिमेटचे पैसे किती, आणि काम तिथं केलं नाही तर रोजचं पार्किंग किती. महिनाभर गाडी पडून राहिली की हे बिल आपल्याच गळ्यात येतं.

टोटल लॉस ठरतो कसा

पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, छापलेला असतो. गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च पॉलिसीच्या अटींनुसार आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही ५,२०,००० असेल तर ही रेषा ३,९०,००० वर येते.

पण कोणता खर्च? शोरूमचं एस्टिमेट आणि सर्वेअरनं मान्य केलेली रक्कम यांत बराच फरक असतो. दुरुस्तीच्या दाव्यात रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात, फायबरवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही. लोखंडी पार्टवर गाडीच्या वयानुसार: २ ते ३ वर्षांच्या गाडीला १५ टक्के, ३ ते ४ वर्षांच्या गाडीला २५ टक्के, ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के. शिवाय व्यावसायिक गाडीच्या पॉलिसीत आयएमटी २३ हे कलम जोडलेलं नसेल, तर हेडलाइट, बंपर, मडगार्ड, बॉनेटचे बाजूचे भाग, टायर आणि तुटलेल्या भागाचं रंगकाम दाव्यात धरतच नाहीत. पिकअपच्या पुढच्या धडकेत नेमक्या याच वस्तू जातात. पॉलिसी काढून हा आकडा त्यावर आहे का, आजच बघा.

सर्वेअरला विचारा की ७५ टक्क्यांसाठी कोणती रक्कम धरली, घसाऱ्याआधीची की नंतरची. सर्वे रिपोर्टची प्रत मागा, ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. गाडी काठावर असेल, म्हणजे ७० ते ८० टक्क्यांच्या मध्ये, तर गाडी खोलून सर्वे करायला लावा. बाहेरून न दिसणारं स्टिअरिंग बॉक्स, क्लच हाउसिंग, रेडिएटरचा सपोर्ट असं नुकसान खोलल्यावरच कागदावर येतं.

पिकअपमध्ये जास्त माल किंवा मागे मजूर बसवलेले असतील तर कंपनी दावा फेटाळायला बघते. २०१० साली अमलेंदू साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अशा अटभंगात दावा पूर्ण न फेटाळता ७५ टक्क्यांपर्यंत देण्याची पद्धत मान्य केली. लायसनचा मुद्दाही असाच. ६ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात घटनापीठानं स्पष्ट केलं की एलएमव्ही (हलक्या मोटार वाहनाच्या) लायसनवर ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळा ट्रान्सपोर्टचा शेरा लागत नाही. त्या कारणावरून दावा अडवला तर हा निकाल दाखवा.

सहीआधी: चार रस्ते आणि आरसी

पहिला रस्ता, गाडी आरसीसकट देऊन टाकायची आणि आयडीव्हीतून पॉलिसीवरची सक्तीची कपात वजा जाता पूर्ण रक्कम घ्यायची. दुसरा, नेट ऑफ साल्व्हेज: भंगाराची किंमत कापून उरलेली रक्कम तुमची, मोडकी गाडीही तुमची. तिसरा, कॅश लॉस: दुरुस्तीची ठरलेली रक्कम रोख घ्यायची आणि काम आपल्या सोयीनं करायचं. चौथा, टोटल लॉस न धरता दुरुस्ती तत्त्वावर दावा, म्हणजे बिलं दाखवून पैसे.

यातली खरी मेख आरसी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची असते. टोटल लॉस म्हणून दावा काढताना अनेक कंपन्या आरसी रद्द झाल्याचा दाखला मागतात. एकदा नोंदणी रद्द झाली की ती गाडी कितीही चांगली उभी केली तरी रस्त्यावर आणता येत नाही. मग तुमच्या दारात गाडी नाही, फक्त पार्टचा ढीग आहे. म्हणून गाडी ठेवून चालवायची असेल तर कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या की तोडगा नेट ऑफ साल्व्हेज, कॅश लॉस किंवा दुरुस्ती तत्त्वावर आहे आणि आरसी चालू राहणार आहे. हे हातात येण्याआधी डिस्चार्ज व्हाउचरवर (दावा मिटल्याच्या पावतीवर) सही करू नका.

भंगाराची बोलीही डोळे झाकून घेऊ नका. कंपनी भंगारवाल्यांकडून बोल्या मागवते. त्यांच्या प्रती मागा. गाडी देणार असाल तर बोली कितीही लागो, तुम्हाला फरक नाही. ठेवणार असाल तर मात्र बोली जितकी कमी, तितकं तुमच्या हातात जास्त. बोली अवास्तव वाटली तर नागपूर किंवा अमरावतीच्या दोन भंगारवाल्यांकडून लेखी भाव आणून सर्वेअरपुढे ठेवा.

मोडकी गाडी कशी तपासायची

पिकअपचा जीव चेसीसमध्ये आहे. केबिन बदलता येते, डाला (मागची माल भरायची पेटी) नवा बांधता येतो, इंजिन उतरवून चढवता येतं. चेसीस मात्र सरळ आहे की नाही, यावरच ठेवायचं की सोडायचं हे निम्मं ठरतं. आणि ते मोजायला शोरूमचं मशीन लागत नाही. एक ओळंबा, खडू, स्टीलचा टेप आणि गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी पुरते.

गाडी सिमेंटच्या सपाट फरशीवर, जिनिंगच्या यार्डात किंवा खळ्याच्या पक्क्या ओट्यावर उभी करा. चेसीसच्या दोन्ही बाजूंच्या लांब रेलवर गाडीच्या कंपनीनं पाडलेली समोरासमोरची भोकं निवडा: पुढच्या सस्पेन्शनच्या ब्रॅकेटजवळ, केबिनच्या मागच्या क्रॉस मेंबरजवळ (दोन रेल जोडणाऱ्या आडव्या पट्टीजवळ), मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरजवळ आणि अगदी मागच्या शॅकलजवळ (पाट्याच्या मागच्या टोकाच्या जोडाजवळ). अशा चार जोड्या. प्रत्येक भोकाच्या मध्यातून ओळंबा सोडून फरशीवर खडूनं खूण करा. मग गाडी ढकलून बाजूला घ्या. आता फरशीवर आठ खुणा आहेत. लगतच्या दोन जोड्यांमधले तिरपे अंतर, म्हणजे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, टेपनं मोजा. दोन्ही सारखे यायला हवेत. ५ मिलिमीटरपर्यंतचा फरक मोजण्यातला किंवा वापरातला समजा. त्याच्यावर गेला की त्याच टप्प्यात एक रेल मागे सरकलेली किंवा चेसीस बाजूला वाकलेली आहे. तिरप्या रेषा जिथं छेदतात ते बिंदू दोरीनं जोडा. ते एका सरळ रेषेत नसतील तर चेसीसला बाक आहे.

पिळ पाहायला लेव्हल नळी घ्या. चारही टायरमध्ये सारखी हवा हवी. पुढे डाव्या-उजव्या रेलच्या उंचीत किती फरक आहे आणि मागे किती, हे बघा. पुढे उजवी बाजू १० मिलिमीटर खाली आणि मागे डावी खाली असेल, तर चेसीस पिळलेली आहे. पिळ काढणं बाक काढण्यापेक्षा फार अवघड आहे. पिळलेल्या चेसीसची गाडी ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एक फसगत मात्र टाळा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजल्यावर १५-२० मिलिमीटर फरक आला, पण फरशीवरच्या खुणा बरोबर जुळल्या, तर चेसीस चांगली आहे. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकलेला असतो. हे बोल्ट, यू-बोल्ट आणि एखाद्या पाट्याचं काम आहे. अशा गाड्या उगाच भंगारात जातात.

मग हातात टॉर्च आणि वायर ब्रश घेऊन रेलच्या कडा बघा. जिथं जुना चिखल आणि रंग पापुद्र्यासारखा सुटलाय, तिथं लोखंड वाकून परत आलंय. स्टिअरिंग बॉक्स जिथं रेलला बसतो त्याभोवती केसासारखी रेघ दिसते का, क्रॉस मेंबरचे रिव्हेट हलतात का, केबिनमागे ओव्हरलोडमुळे आधीच पट्टी मारून जोडलंय का? रेलच्या खालच्या किंवा वरच्या कडेवर तडा असेल तर तो वेल्डिंगनं बुजवून भागत नाही. ताण कडेवरच सर्वांत जास्त असतो आणि तडा वेल्डच्या शेजारून पुन्हा निघतो.

बाकी नुकसानीचं थोडक्यात. रस्त्यावर आडवं आलेलं रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर धडकलं तर बहुधा बॉनेट, रेडिएटर, पंखा, लाइट आणि सपोर्ट जातो. चेसीस वाचलेली असते. अशी गाडी ठेवण्यासारखी असते. पलटलेल्या गाडीत पुढच्या काचेचे खांब बघा. खांब वाकला की दरवाजा आणि काच कधीच नीट बसत नाही, म्हणून पूर्ण केबिनचा खर्च धरा. पुरात पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर बीएस-६ गाडीचा ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) आणि वायरिंग हार्नेस नवाच धरा. कनेक्टरमध्ये राहिलेल्या गाळानं पिना सहा महिन्यांनी हिरव्या पडतात आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ झालंय का, तेही बघा. आणि कुटार-कडब्यानं भरलेली गाडी लोंबत्या विजेच्या तारेला लागून पेटली असेल, तर ठेवायचा विचार सोडा. तापलेल्या रेलची आणि पाट्यांची ताकद गेलेली असते, ती रंग मारून परत येत नाही.

हिशेब मांडा

तीन वर्षांची पिकअप धरू. आकडे समजण्यासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. आयडीव्ही ५,२०,०००, भंगार बोली १,४५,०००, सक्तीची कपात ५००. गाडी दिली तर हातात ५,१९,५००. ठेवली तर ३,७४,५०० आणि मोडकी गाडी.

ठेवण्याचा खरा खर्च असा: गाडीचे १,४५,०००. गावाकडच्या गॅरेजमध्ये जुने-नवे पार्ट मिळून दुरुस्ती २,३५,०००. खोलल्यावर निघणाऱ्या कामासाठी त्याच्या २० टक्के, ४७,०००. टो, आरटीओ, फिटनेस, नवा विमा ४५,०००. दुसरी गाडी घेण्यापेक्षा जास्तीचे ५० दिवस गाडी बंद, रोजचे निव्वळ १,२०० धरून ६०,०००. एकूण ५,३२,०००. त्याच मॉडेलची धडधाकट जुनी गाडी बाजारात ५,५०,००० ला मिळत असेल, तर एवढी दगदग करून १८,००० वाचले. आणि तुमची गाडी पुढे विकताना अपघाताची म्हणून लाखभर कमीच भावात जाणार. ठेवू नका.

आता दुसरी बाजू. चेसीस सरळ, नुकसान फक्त पुढचं, बोली ८०,०००, दुरुस्ती १,८०,०००, वरचे ३६,०००, कागदपत्रं-विमा ४५,०००, बंद ३० दिवसांचे ३६,०००. एकूण ३,७७,०००. इथं बिनधास्त ठेवा.

दिवसांचा आकडा कमी धरू नका. सप्टेंबरच्या शेवटी गाडी पडली तर सोयाबीन, मग आंबिया बहाराची संत्री आणि पाठोपाठ कापूस, हे सगळं भाडं जातं. तीच गाडी मे महिन्यात पडली असती तर बंद दिवसांची झळ निम्मी बसली असती.

कर्ज असेल तर

हप्ते अपघातानं थांबत नाहीत, आणि कंपनीचा चेक आधी फायनान्सवाल्याकडे जातो. वरच्या पहिल्या उदाहरणात कर्ज ४,१०,००० बाकी असतं, तर गाडी ठेवल्यावर मिळणारे ३,७४,५०० सगळे तिकडेच गेले असते. वर ३५,५०० देणं उरलं असतं आणि दुरुस्तीचे अडीच-पावणेतीन लाख खिशातून घालावे लागले असते. यासाठी अनेक जण सोनं गहाण ठेवतात. गाडी दिली तर तेच कर्ज फिटून लाखभर हातात राहतं. फायनान्सवाल्याकडून बाकीचं लेखी विवरण आणि एनओसीच्या अटी आधी घ्या, मगच कंपनीला उत्तर द्या. कर्ज फिटल्यावर फॉर्म ३५ वर बोजा उतरवायला विसरू नका.

गाडी देत असाल तर

कोऱ्या फॉर्मवर सह्या करून भंगारवाल्याला देऊ नका. मोडक्या गाडीची चालू आरसी आणि चेसीस नंबर चोरीच्या गाडीवर चढवण्याचे प्रकार होतात. २०१८ च्या नवीन कुमार निकालानुसार, नोंद ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार. गाडी दुसऱ्याच्या नावावर जाणार असेल तर फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरून, घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून, आधार-पॅनची प्रत ठेवून द्या, आणि आरटीओत ट्रान्सफर झाली का ते परिवहनच्या वेबसाइटवर तपासत राहा. सुटी करून विकली जाणार असेल तर नोंदणी रद्दचा दाखला स्वतःच्या हातात घ्या.

रक्कम किंवा पद्धत पटत नसेल तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही आणि वकीलही लागत नाही. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, मुदत दोन वर्षं.

ठेवलीच, तर काम या क्रमानं

आधी चेसीस, मग सस्पेन्शन-स्टिअरिंग, मग ब्रेक, मग इंजिन-वायरिंग आणि शेवटी डेंटिंग-पेंटिंग. डेंटरला रंग आधी करायचा असतो, कारण त्याचे पैसे त्यात आहेत. चेसीसला ओढ दिली की बसवलेले पत्रे पुन्हा हलतात, म्हणून तो ऐकत नसला तरी क्रम सोडू नका.

चेसीस ओढताना गॅसनं तापवू देऊ नका. थंड ओढावी, थोडी जास्त ओढून सोडावी, दर ओढीनंतर पुन्हा ओळंबा. सुटलेल्या रिव्हेटच्या जागी ८.८ ग्रेडचे घट्ट बसणारे बोल्ट, सेल्फ लॉकिंग नटसकट. पूर्ण चेसीस बदलायची वेळ आली तर आधी आरटीओची परवानगी घ्या. इंजिन जुनं आणलं तर त्याचं बिल आणि नंबर तपासून आरसीवर नोंद करून घ्या, नाहीतर पुढच्या पासिंगला गाडी अडते.

स्टब अ‍ॅक्सल, टाय रॉड, ड्रॅग लिंक, स्टिअरिंग कॉलम वाकलेले असतील तर सरळ करायचे नाहीत, नवेच टाकायचे. इथं पाच-सात हजार वाचवणं जिवावर बेतू शकतं. मागची चाकं वर उचलून फिरवा. ड्रम डोलत असेल तर अ‍ॅक्सल शाफ्ट वाकलाय. प्रोपेलर शाफ्टला बारीकसा पोचा असला तरी ६० च्या वर गाडी थरथरते आणि शाफ्टच्या जोडातले क्रॉस लवकर जातात.

काम झाल्यावर आधी विम्याची तपासणी आणि पॉलिसी, मग फिटनेस. थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी ट्रायललाही रस्त्यावर काढू नका. जुनी पॉलिसी टोटल लॉसच्या तोडग्यानं संपलेली असू शकते. ट्रायल रिकामी आणि निम्म्या भारानं, दोन्ही वेळा घ्या. सरळ ओल्या रस्त्यावरून हळू चालवून मागच्या चाकांचा माग पुढच्यांच्या मागावर पडतो का ते बघा. तिरपा पडत असेल तर अलाइनमेंटवाल्याकडे नाही, परत चेसीसवाल्याकडे जा. आणि ५०० किलोमीटर झाल्यावर सगळे यू-बोल्ट पुन्हा आवळा. नवे पाटे बसल्यावर ते सैल होतातच, आणि सैल यू-बोल्टनं सेंटर बोल्ट पुन्हा तुटतो.